विनापरवाना वायू

भूगोलाच्या सरांना खरी झोप लागायची ती फक्त दुपारी आणि फक्त खालच्या खोलीत. रात्रीची झोप म्हणजे त्यांच्या मते लोकांना दाखवायची झोप. दिवा मालवायचा, पांघरूण ओढायचं, बायकोच्या घोरण्याला मनातल्या मनात दाद द्यायची आणि सकाळी "झोप झाली का?" या प्रश्नाला "झाली" म्हणून मोकळं व्हायचं. दुपारचं तसं नव्हतं. सकाळची शाळा सुटली की सर घरी येत, जेवत, जिना उतरून खाली जात आणि माणूस पाण्यात शिरतो तसे झोपेत शिरत. आधी पाऊल, मग गुडघा, मग एकदम सगळेच.

घर उतारावर बांधलेलं असल्यामुळे ही खोली अर्धी जमिनीत होती. तीन बाजूंना माती आणि चौथ्या बाजूला, छताला लागून, रस्त्याच्या पातळीवर एक बुटकी खिडकी. तिच्यातून माणसं दिसत ती घोट्यापर्यंत. बूट जात, चपला जात, मधूनच एखादी सायकल चाकांपुरतीच जाई. सर पडल्या पडल्या ते पाहत. हळूहळू पायांच्या कडा पुसट होत, रस्त्याला संथ लाटा येत आणि बूट होड्यांसारखे डुलत पुढे सरकत. कोपऱ्यात शाळेने मोडीत काढलेले नकाशे गुंडाळून ठेवलेले होते, आणि एक पृथ्वीचा गोल होता, महासागराच्या जागी चेपलेला. शेवटची होडी त्या चेपेत शिरली की सर गेलेच म्हणून समजा.

अशा या स्वर्गात जावयाने यंत्र पाठवलं.

जावई बाहेरगावी कुठल्याशा प्रयोगशाळेत होते आणि हवेच्या बाबतीत फार हळवे होते. लग्न ठरवायला आले तेव्हाही त्यांनी आधी खिडक्या पाहिल्या होत्या, मग मुलगी. यंत्र दिसायला साधं होतं. तळहाताएवढी पांढरी डबी, तिच्यावर आकड्यापुरती काच. व्हिडिओवर जावयाने ते समजावून सांगितलं.

"बाबा, हा रेडॉन मोजतो."

"हा कोण?"

"वायू आहे. जमिनीतून येतो. रंग नाही, वास नाही, चव नाही."

"मग आलेला कळतो कसा?"

"कळत नाही. म्हणून तर यंत्र. घाबरू नका, पण वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिला तर फुफ्फुसाला वाईट. आकडा शंभराच्या आत हवा. तीनशेच्या वर गेला की लाल दिवा. खालच्या खोलीत ठेवा, तिथेच जास्त असतो."

सरांना हा अपमान वाटला. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय ते सर दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवत. कवच, प्रावरण, गाभा. पण तिथलं काही उठून आपल्या पलंगाखाली येईल, अशी तरतूद अभ्यासक्रमात कुठेही नव्हती.

यंत्र खाली गेलं. बायकोने त्याला आधी प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, वरून रबरबँड लावलं. त्या घरात टीव्हीच्या रिमोटला कव्हर होतं, फोनला कव्हर होतं आणि चांगल्या कव्हरला साधं कव्हर होतं. मग जावयाने दिलेली वस्तू उघडी राहणं शक्यच नव्हतं. आकडा आला नऊ. आठवडाभर नऊच.

"बघा," बायको म्हणाली, "आपल्याकडे असलं काही नसतं. आपण सकाळ-संध्याकाळ झाडतो."

पुढच्या व्हिडिओत मात्र जावयाच्या कपाळाला आठी पडली. "आई, त्याच्या अंगावर काय आहे?"

"कव्हर. धूळ नको बसायला."

"आई, त्याला श्वास घेऊ द्या. तो आत्ता पिशवीतली हवा मोजतोय."

कव्हर निघालं. यंत्राने दोनचार दिवस विचार केला, आणि मग काच लाल झाली. चारशे बारा.

"चारशे बारा काय?" बायकोने विचारलं.

"बेकरेल," सर म्हणाले.

"ते बेकार असणारच. पण काय?"

मोजमापाच्या एककाला बेकरेल म्हणतात, हे सर सांगेपर्यंत बायकोने त्यांची उशी काखेत मारली होती. "अहो, आजपासून खाली झोपणं बंद." तिने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तिच्या पर्समध्ये गेलेली वस्तू तिलासुद्धा सापडत नसे, त्यामुळे सरांनी आशा सोडली.

इथून सरांची वणवण सुरू झाली. माणसाला देशोधडीला लागायला देश सोडावा लागत नाही, पलंग सुटला तरी पुरतो. बैठकीच्या खोलीत ते आडवे झाले की नेमका दुपारी फोन वाजे, आणि कोणीतरी त्यांना कर्ज देऊ करत असे. वरच्या खोलीत ऊन थेट पापणीवर येऊन बसे. शिक्षकांच्या खोलीत डोकं टेकवावं तर शेजारी गणिताचे सर उदाहरणं पुटपुटत, आणि उत्तर चुकलं की टेबलावर मूठ आपटत. एकदा सर बसमध्ये पेंगायला गेले, पण कंडक्टर फार कर्तव्यदक्ष निघाला.

झोप नसल्याने सरांच्या डोक्यात जागेपणीच स्वप्नं पाझरू लागली. वर्गात त्यांनी फळ्यावर एक नदी काढली. ती समुद्रात उगम पावत होती आणि वळणं घेत घेत डोंगराच्या टोकावर जाऊन लुप्त होत होती. सर तिच्याकडे बराच वेळ मायेने पाहत राहिले. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. एकाने विचारलं, "सर, हिला पूर येतो का?" सर म्हणाले, "येतो. पण डोंगराला." तेही मुलांनी लिहून घेतलं.

फाटकाशी शेजारचे वकीलसाहेब भेटले. "काय सर, डोळे का असे?"

सरांनी त्या क्षणी फक्त एक शब्द वेगळा वापरला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण झोप न झालेला माणूस शब्द निवडत नाही, हाताला लागेल तो उचलतो.

"काय सांगू वकीलसाहेब," सर म्हणाले, "गॅस झालाय हो. खालच्या खोलीत तर फारच."

वकीलसाहेब अर्धं पाऊल मागे सरकले. "कधीपासून?"

"जावई म्हणतात, घर बांधल्यापासून असणार."

"जावयांपर्यंत गेलं का प्रकरण!" वकीलसाहेब हळहळले. "आणि वहिनी?"

"तिनेच तर खोलीला कुलूप घातलं."

वकीलसाहेबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सरांच्या खांद्यावर, जरा लांबूनच, हात ठेवून म्हणाले, "जेवल्यावर शतपावली घाला. लगेच आडवं होत जाऊ नका."

"आडवं होताच येत नाही, तेच तर दुःख आहे!"

"इतकं?" वकीलसाहेब म्हणाले.

संध्याकाळपर्यंत समोरच्या काकूंनी कसलंसं चूर्ण पाठवलं. सोबत निरोप : कोमट पाण्यातून, आणि संकोच करू नका, आमच्या ह्यांनाही होतं. दुसऱ्या दिवशी सर गल्लीतून निघाले तर लोक अदबीने वाऱ्याची दिशा बघून उभे राहत होते. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावून दार उघडंच ठेवलं.

"सर, तुमचे वर्ग मैदानावर घेतले तर? भूगोल काय, उघड्यावर जास्त खुलतो."

"बाई, तो गॅस माझा नाही. जमिनीचा आहे."

"असू दे सर," बाई फार समजुतीने म्हणाल्या. "आपण कोणाचं नाव घ्यायला नको."

सरांच्या मानी स्वभावाला हे सोसण्यासारखं नव्हतं. वायू माझा नाही, हे कुठल्यातरी अधिकारी माणसाने कागदावर लिहून द्यावं, म्हणजे तो कागद फाटकावर लावता येईल, असं त्यांनी ठरवलं. आधी गॅस कंपनीचा माणूस आला. त्याने खालच्या खोलीच्या कुलूपबंद दाराशी उभं राहून चारही दिशांना नाक फिरवलं.

"वास येत नाही."

"याला वासच नसतो."

"मग आमचा नाही. आमच्या गॅसला वास असतो. आम्ही तो मुद्दाम घालतो." त्याच्या बोलण्यात घराण्याचा अभिमान होता. "बिनवासाचं आम्ही बघत नाही."

मग सर नगरपालिकेत गेले. तिथे एका खिडकीत एक कारकून बसले होते. त्यांचा चेहरा इतका शांत होता की पाहूनच जांभई यावी.

"हवा विभाग इथेच ना?"

"बाहेरची हवा इथे. घरातली तुमची तुम्ही बघायची."

"पण ही जमिनीतून येते."

"जमिनीखालचं भूगर्भ विभागाकडे."

"म्हणजे जमिनीत असताना तो भूगर्भ विभागाचा, आणि घरात शिरला की माझा. मग मधल्या वेळेत कोणाचा?"

"मधल्या वेळेत आम्ही जेवायला जातो," कारकून म्हणाले. पण सरांचे डोळे पाहून त्यांना दया आली असावी. "असं करू, तक्रार नोंदवून घेतो. कोणाविरुद्ध?"

"जमिनीविरुद्ध."

"जमीन कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच."

कारकुनांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. सर्व काही किती सुरळीत झालं, या समाधानात सर घरी आले. आठवड्याने त्यांना नोटीस आली. तिच्यात लिहिलं होतं, की आपण आपल्या राहत्या घरी विनापरवाना वायू सोडत असल्याची तक्रार आपण स्वतःच केलेली असून, त्याबाबत आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा आपण समक्ष येऊन करावा. एक प्रत माहितीसाठी शेजाऱ्यांना.

वकीलसाहेबांनी आपली प्रत वाचून सरांची मनापासून प्रशंसा केली. "स्वतःहून कबूल केलंत. एवढं धैर्य आजकाल कोणात असतं?"

बायको नोटीस वाचून हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, तिथे हसली आणि परत आली. "अहो, तो कागद राहू द्या," ती म्हणाली. "आधी घर उघडूया. जावईबापूंनी सांगितलंय, वारा खेळता ठेवा." किल्ली सापडली. खालच्या खोलीचं दार, बुटकी खिडकी, वरच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या गेल्या.

ते दिवस घरात मोठे विलक्षण गेले. पडदे जमिनीला समांतर तरंगत. भिंतीवरची कॅलेंडरं महिने चाळत बसत, आणि जेवताना मधूनच पुढच्या वर्षाचा एखादा दिवस दिसून जाई. एका दुपारी तर गुंडाळून ठेवलेला जगाचा नकाशा सुटला, जिन्यावरून हळूहळू वर आला, बैठकीच्या खोलीत थोडा घुटमळला आणि खिडकीतून निघून गेला. सर सोफ्यावरून बघत होते. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बायकोलाही दिसला, तेव्हा सरांना कळलं की हे स्वप्न नव्हतं. मग ते धावले.

नकाशा समोरच्या काकूंच्या दोरीवर मिळाला. पण त्याच्या मागोमाग सहामाहीच्या उत्तरपत्रिका गेल्या होत्या, त्या गल्लीभर पांगल्या. लोक भले होते. ज्याला जी सापडली, ती त्याने आणून दिली. फक्त वाचून आणली.

"सर, याला तुम्ही वाऱ्यांच्या प्रश्नात शून्य दिलंय," काकू म्हणाल्या. "मुलगा लिहितो, वारे घरातून बाहेर वाहतात. बरोबरच आहे की. मी पाहिलंय. मी त्याला दोन दिले."

"आणि हा नदी डोंगराला मिळते म्हणतो," वकीलसाहेब म्हणाले. "सगळेच म्हणतात. इतके साक्षीदार असताना चूक कशी म्हणणार?"

खिडक्या उघड्या असल्या की आकडा उतरे, लावल्या की चढे. अखेर जावयाने उपाय सांगितला. फरशीला भोक पाडून एक नळी खाली मातीत सोडायची, दुसरं टोक छपराच्या वर काढायचं, आणि मध्ये छोटा पंखा. तो जमिनीतला वायू वरच्या वर आभाळात सोडून देतो, घरात येऊच देत नाही. नळवाला आला, त्याने भोक पाडलं, भेगा बुजवल्या, नळी चढवली. घराला लांब नाक आल्यासारखं दिसू लागलं. गल्लीत बातमी गेली की सरांना नळी घातली. लोक हळहळले. दोघेतिघे संत्री घेऊन भेटायला आले.

पण नळीने काम केलं. काच लाल होती ती पिवळी झाली, मग पिवळीची हिरवी. आकडा आला छप्पन्न. सरांनी तो आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि ते वरून आपली उशी घेऊन आले.

खालच्या दारात बायको उभी होती.

"उशी कुठे?"

"झोपायला."

"इथे?" तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते नव्या कपातून दाढीचं पाणी मागत होते. "अहो, फरशी नवी झाली, रंग दिला, हवा तपासलेली. एवढं सगळं केल्यावर या खोलीत नुसतं झोपायचं? आता ही आपल्या घरातली सगळ्यात चांगली खोली आहे."

सरांना यातला धोका तत्क्षणी कळला. त्या घरात चांगली वस्तू वापरायची पद्धत नव्हती. चांगले कप कपाटात होते, चांगल्या चादरी पेटीत होत्या, आणि चांगल्या टॉवेलची, कोणाचं तोंड पुसावं लागेल या भीतीने, लग्नापासून घडी मोडली नव्हती. सर खोलीच्या दारातून हळूहळू मागे सरकले. दुसऱ्या दिवशी पलंग गेला आणि सोफा आला. नकाशे माळ्यावर गेले. पृथ्वी भंगारवाल्याने नेली. भिंतीवर यंत्रासाठी खास फळी बसली, आणि जावयाची सक्त ताकीद असल्यामुळे कव्हर यंत्राला न घालता फळीला घातलं गेलं.

पाहुणे येऊ लागले. गल्लीत तपासलेली हवा अशी दुसरीकडे कुठेच नव्हती. काकू रोज दुपारी विणकाम घेऊन येत आणि खोल श्वास घेत. मुख्याध्यापिकाबाई एकदा येऊन छप्पन्न पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "उतार पडतोय, छान." वकीलसाहेब तर जेवण झालं की सरळ इथेच येत. "फुफ्फुसासाठी," म्हणत सोफ्यावर टेकत, आणि पाचव्या श्वासाला त्यांची मान कलत असे. बुटक्या खिडकीतून संथ बूट वाहत जात, आणि सर जिन्यावर बसून दुसऱ्या माणसाला आपली झोप लागलेली पाहत. असं दुःख शत्रूच्या वाट्यालाही येऊ नये. सर हाक मारत, "वकीलसाहेब, चहा?" त्यावर बायको खालच्या आवाजात दटावे, "अहो, पाहुण्यांना उठवतात का!"

या अवस्थेत खुलाशाची तारीख उजाडली. बरोबर येऊ का, असं वकीलसाहेबांनी विचारलं, पण झोपेतच विचारलं, त्यामुळे सर एकटे गेले.

दुपार होती. नगरपालिकेची लांब ओसरी थंडगार होती, आणि तिच्यात एक लाकडी बाक होता. वर्षानुवर्षं बसलेल्या लोकांनी तो मधोमध झिजवून त्याला पाळण्याचा आकार आणला होता. "बसा," खिडकीतले कारकून म्हणाले, "नाव पुकारलं की या." सर बसले. वरचा पंखा फिरत होता, वारा देण्यासाठी नव्हे तर नुसता वेळ जावा म्हणून. आत कुठेतरी कोणीतरी कागदांवर शिक्का मारत होतं. ठप्. मग बराच वेळ काही नाही. मग ठप्. दोन शिक्क्यांमधलं अंतर वाढत वाढत गेलं. सरांनी एक शिक्का ऐकला आणि दुसऱ्याची वाट पाहिली. तो आलाच नाही, किंवा आला तेव्हा सर तिथे नव्हते.

ते खाली खाली उतरत होते. आधी कवच लागलं. ते जुन्या गोधडीसारखं मऊ होतं, आणि कोणीतरी ते त्यांच्या खांद्यापर्यंत ओढून नीट खोचलं. त्याच्या खाली प्रावरण होतं, कोमट आणि जाड. सर त्यात गुडघे पोटाशी घेऊन कुशीला वळले. अगदी मधे गाभा मंद दिव्यासारखा जळत होता, आणि त्या प्रकाशात सगळ्या नद्या आपापल्या डोंगरांकडे परत चालल्या होत्या. पृथ्वीने हलकेच एक सुस्कारा सोडला. तो कोणाचा, हे तिथे कोणीही विचारलं नाही.

"सर. ओ सर."

कारकून समोर उभे होते. ओसरीत ऊन पिवळं झालं होतं.

"पुकारलं का माझं नाव?"

"मगाशीच. तुम्ही गाढ होतात म्हणून तुमच्या गैरहजेरीतच उरकलं. अभिनंदन. नळी बसवली, आकडा खाली आलाय, असं शेजाऱ्यांनी कळवलंय. तक्रारदाराचं समाधान झालं, आरोपी निर्दोष. प्रकरण बंद."

सर ताडकन उठून उभे राहिले. इतक्या आठवड्यांत ते प्रथमच पूर्ण जागे होते. ज्या कागदासाठी त्यांनी जीवाचं रान केलं होतं, तो कागद कारकुनांच्या हातात होता. वायू त्यांचा नव्हता, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. खाली सही होती. तो फाटकावर लावला की गल्लीत त्यांची मान पुन्हा ताठ होणार होती. सरांनी कागदाकडे पाहिलं. मग बाकाकडे पाहिलं.

"मला निकाल मान्य नाही," ते म्हणाले.

"तक्रारदार म्हणून, की आरोपी म्हणून?"

"आरोपी म्हणून. माझी बाजू ऐकून न घेता मला निर्दोष कसं ठरवता?"

"बरं, मांडा बाजू."

"अशी घाईने मांडता येणार नाही. मला तारीख हवी." सरांनी आवाज खाली आणला. "दुपारची. आणि एका तारखेत होईल असं वाटत नाही. वायू सोडला असण्याची शक्यता मी नाकारत नाही."

कारकुनांनी सरांच्या गालाकडे पाहिलं. त्यावर बाकाच्या लाकडाची रेघ उमटली होती. त्यांच्या शांत चेहऱ्यावरची समजूत आणखी खोल झाली. त्यांनी तो कागद सावकाश चार घड्या करून फाडला, नवा घेतला आणि लिहायला बसले.

"सोमवार ते शुक्रवार लिहितो," ते म्हणाले. "शनिवारी अर्धा दिवस असतो, झोप मोडते. आणि साक्षीदार आणणार असाल, तर घोरणारा आणू नका. आत साहेब सुनावणीत असतात."